इर्विंग पेनचा उजेड नारायणगावात का नको?

जुन्नर-आंबेगावच्या स्टुडिओवाल्यांवर हल्ली एक आक्षेप मोठ्या आत्मविश्वासाने घेतला जातो. प्रदर्शनांत, स्पर्धांच्या परीक्षकांच्या बोलण्यात, कार्यशाळांत तो मी अनेकदा ऐकला आहे. आक्षेप असा : एखाद्या मोठ्या फोटोग्राफरच्या शैलीत आपल्या स्टुडिओत काम करून पाहणं ही नक्कल, आणि नक्कल म्हणजे चोरीच. त्यातून ग्रामीण फोटोग्राफरने तर परक्या शैलीच्या वाटेला जाऊच नये, त्याने ‘आपल्या मातीतलं’ काम करावं. माझ्या नारायणगावच्या स्टुडिओत इर्विंग पेनच्या पद्धतीने काढलेली काही पोर्ट्रेट्स पाहून पुण्याच्या एका जाणकार स्नेह्यांनी मला हेच ऐकवलं, तेही आपुलकीने. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा विचार चुकीचा आहे आणि तालुक्याच्या गावांत स्टुडिओ चालवणाऱ्यांचं तो नुकसान करतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो आहे.

चोरीचा मुद्दा आधी संपवू. भारताचा १९५७चा कॉपीराइट कायदा छायाचित्राला संरक्षण देतो, छायाचित्र काढण्याच्या रीतीला देत नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलं आहे. उजेड डावीकडून घ्यावा की उजवीकडून, पडदा करडा असावा की पांढरा, यावर कुणाची मालकी नाही. उलट याच कायद्यात अशी तरतूद आहे की, पैसे देऊन काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा गिऱ्हाईक असतो. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, पुढे तिच्याकडे येईन. राहिली नैतिक बाजू. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगावं, एवढीच ती आहे. माझ्या भिंतीवरच्या त्या प्रिंटांखाली ‘इर्विंग पेन यांच्या पद्धतीने’ असं लिहिलेलं आहे. स्नेह्यांनी ते वाचलं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं.

आता मातीचा मुद्दा, ज्यावर मला जास्त बोलायचं आहे.

आमच्या भागातल्या स्टुडिओची ‘अस्सल’ शैली म्हणजे नेमकी कोणती, हे आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा सांगावं. रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना, कमान, कुंडी, बाजूला कोरीव स्टूल आणि त्यावर कोपर टेकवून उभे असलेले आजोबा? तो खांब आणि ती कुंडी युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंतून मुंबईला आली, मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून जुन्नरला. जत्रेतल्या फोटोच्या पालात मोटारसायकलचा आणि विमानाचा कटआउट असायचा, तो सिनेमातून आला होता. निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या बुजवण्याची कला साहेबाच्या स्टुडिओतली. आजचा प्री-वेडिंगचा धुरकट केशरी रंग परदेशी लग्नांच्या व्हिडिओतून आलेला. आमच्या धंद्यात बाहेरून न आलेलं काय आहे? जी गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी उसनी घेतली ती आज ‘मातीतली’ झाली, आणि जी आज मी समजून-उमजून घेतो आहे ती मात्र परकी ठरते. हा न्याय मला मान्य नाही.

शिवाय परकेपणाचा हा नियम सगळ्यांना सारखा लावला जात नाही. गौतम राजाध्यक्षांची (१९५०–२०११) पोर्ट्रेट्स, त्यांचं ‘चेहरे’ हे पुस्तक समोर ठेवून तसा सौम्य, मऊ उजेड आपल्या स्टुडिओत आणायचा प्रयत्न करणारे फोटोग्राफर मी लहानपणापासून पाहत आलो. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. म्हणूही नये, कारण त्या प्रयत्नातून ते उजेड मऊ करायला शिकले. पण मग पेनच्या बाबतीत कपाळाला आठ्या का? मला वाटतं, राजाध्यक्षांच्या उजेडात गिऱ्हाईक देखणं दिसतं आणि पेनच्या उजेडात ते जसं आहे तसं, पूर्ण वजनानिशी उभं राहतं. आक्षेप शैलीच्या परकेपणाला कमी आणि शेतमजुराच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ दिसण्याला जास्त असावा. स्नेह्यांनी रागावू नये, पण असा प्रश्न मला पडतो.

इर्विंग पेन (१९१७–२००९) हे नाव ज्यांना ओळखीचं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. न्यूयॉर्कच्या ‘व्होग’ मासिकाचा हा फोटोग्राफर. १९४८ साली दोन भिंती अरुंद कोनात जोडून त्या सांदीत नामवंतांना उभं करून त्याने पोर्ट्रेट्स काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मासिकाच्या कामासाठी तो पेरूला गेला आणि काम संपल्यावर अँडीज पर्वतातल्या कुस्को शहरात जाऊन त्याने तिथल्या एका स्थानिक फोटोग्राफरचा स्टुडिओ नाताळच्या दिवसांत भाड्याने घेतला. फरशीची जमीन, मागे रंगवलेला कापडी पडदा आणि बाजूने येणारा दिवसाचा उजेड, एवढंच तिथलं साहित्य. सणाचा फोटो काढून घ्यायला डोंगरातले शेतकरी, हमाल, आया-बाया नेहमीसारख्या आल्या. फोटोग्राफर निराळाच होता, आणि तो पैसे घेण्याऐवजी देत होता. पेनच्या सगळ्यात नावाजलेल्या कामांपैकी एक काम असं एका डोंगरी शहरातल्या, सणासमारंभांच्या फोटोंवर चालणाऱ्या स्टुडिओच्या उजेडात झालं आहे.

हे लक्षात घेतलं की परक्या-आपल्याचा हिशेब कुठे राहतो? जो उजेड मी पेनकडून घेतला तो पेनने कुस्कोच्या स्थानिक स्टुडिओवाल्याकडून घेतला होता. आणि त्याच कुस्कोत मार्तीन चांबी (१८९१–१९७३) हा क्वेचुआ शेतकरी घरातला फोटोग्राफर १९२०च्या दशकापासून स्टुडिओ चालवत होता. आरेकीपा शहरातल्या माक्स वार्गास या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली तो युरोपी पद्धतीचं पोर्ट्रेट शिकला आणि त्याच शिक्षणाने त्याने आपल्या लोकांचे असे फोटो काढले की आज पेरूच्या छायाचित्रणाचं पहिलं नाव म्हणून तोच घेतला जातो. चांबीला कुणी सांगितलं असतं की बाबा रे, हा उजेड गोऱ्यांचा, तू याच्या वाटेला जाऊ नकोस, तर नुकसान कुणाचं झालं असतं?

पुढे १९५० साली पेनने पॅरिस आणि लंडनमध्ये, मग न्यूयॉर्कमध्ये, कामकऱ्यांची मालिका केली. खाटीक, कोळसेवाला, मासेवाली, पाववाला, जो तो आपल्या कामाच्या कपड्यांत, हातात आपली हत्यारं घेऊन, एका जुन्या नाटकाच्या पडद्यासमोर. तीही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. पॅरिसच्या रस्त्यांवरच्या छोट्या धंदेवाल्यांचे फोटो अॅत्जे या फोटोग्राफरने त्याच्या सुमारे पन्नास वर्षं आधी काढले होते, आणि त्याच्याही आधी फेरीवाल्यांच्या चित्रांची परंपरा होती. पेनने ती उघडपणे पुढे नेली. मोठा फोटोग्राफर घेतो तेव्हा ती परंपरा आणि नारायणगावचा घेतो तेव्हा ती नक्कल, असं का?

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगतो, कारण आक्षेप घेणाऱ्यांना ही बाजू माहीत नसते. त्यांना वाटतं शैली म्हणजे तयार कपडा, अंगावर चढवला की झालं. प्रीसेटच्या बाबतीत ते खरं आहे. बटण दाबलं की फोटो ‘पेनसारखा’ करडा होतो. पण उजेड बटणाने येत नाही. मी मोठा सॉफ्टबॉक्स बाजूला लावला, समोरच्या बाजूला काळं कापड टांगलं, करडा पडदा सोडला आणि बाजारातून येणाऱ्या माणसांना उभं केलं, तेव्हा पेनची रीत पहिल्याच माणसापाशी अडली. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि उन्हात रापलेला काळा चेहरा. पेनचा लंडनचा कामकरी बहुधा गडद कपड्यांत असतो, त्यामुळे उजेड आपोआप चेहऱ्यावर आणि हातांवर थांबतो. आमच्याकडे चेहऱ्याला एक्स्पोजर दिलं की टोपी आणि शर्ट जळतात, कपड्याला दिलं की डोळे अंधारात जातात. मग लाईट लांब न्यावा लागतो, म्हणजे टोपीवर आणि गालावर पडणाऱ्या उजेडातला फरक कमी होतो. लाईटचं तोंड वर वळवावं लागतं आणि छातीखाली येणारा उजेड कापडाने अडवावा लागतो. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पेनच्या रीतीने जाताना वाट संपली तिथे ते सापडलं.

बायकांच्या बाबतीत अडचण वेगळी. डोक्यावरचा पदर बाजूचा उजेड अडवतो. कुस्कोच्या बायकांच्या टोप्या डोक्यावर बसतात, गालाशी येत नाहीत. आमच्याकडे पेनसारखा आडवा उजेड टाकला की पदराची सावली अर्ध्या गालावर पडते. लाईट पुढे आणला तर चेहरा सपाट होतो. त्यातून वाट काढताना पदराच्या कडेला समांतर उजेड नेणं आणि दुसऱ्या बाजूचं काळं कापड अगदी गालाजवळ आणणं, हे जमवावं लागलं. आणि कृष्णधवल करताना कुंकवाचा प्रश्न. सावळी कातडी उजळ दिसावी म्हणून लाल रंग हलका करणं ही सगळीकडची सवय, प्रीसेटांतही तीच. तसं केलं की कुंकू कातडीत विरून जातं. ज्या बाईचा नवरा शेजारी उभा आहे तिच्या कपाळावरचं कुंकू फोटोत नसणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून लाल गडद ठेवायचा, आणि कातडीचा रंगही मग आहे तसाच, गडद ठेवायचा. थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेहून आलेल्या माणसाच्या कपाळावरचा भंडारा उलट पांढरा पडतो, त्यासाठी वेगळी काळजी.

माझं म्हणणं इथे आहे. दुसऱ्याची शैली प्रामाणिकपणे चालवून पाहिली की ती आपल्या माणसांपाशी कुठे तुटते ते कळतं. ती जिथे तुटते, तिथून पुढचं काम फोटोग्राफरला स्वतःला करावं लागतं आणि ते त्याचं स्वतःचं असतं. ज्याने कुणाच्याच मागे जाऊन पाहिलं नाही त्याला ही जागा सापडत नाही. त्याच्या हातात उरते ती पुढून टाकलेल्या दोन अंब्रेलांची सपाट सवय आणि संगणकावर चेहरा गोरा करण्याची दुसरी सवय. या दोन सवयींना ‘आपली शैली’ म्हणणं मला जमत नाही.

गाण्यातलं उदाहरण मराठी वाचकाला परकं वाटू नये. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहान वयात मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गात असत. त्यासाठीच लोक त्यांचं गाणं ऐकायला जमत. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे ते शिकले, देवासला राहिले, आणि त्यांचं गाणं कुणासारखंच राहिलं नाही. लहानपणीच्या त्या नकलेने त्यांचं स्वत्व मारलं असं कुणी म्हणत नाही. गायकाला दिलेली ही मुभा तालुक्याच्या फोटोग्राफरला का मिळू नये?

स्नेह्यांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला मी टाळणार नाही. ते म्हणाले, शेतमजुराला, हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी बाईला, तमाशातल्या कलावंताला तिच्या जागेवरून उचलून करड्या पडद्यासमोर उभं केलं की ती माणूस राहत नाही, नमुना होते. या भीतीला इतिहास आहे. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या इंग्रज फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या ‘जाती-जमातीं’चे दोन खंड काढले. त्यात स्टुडिओत उभी केलेली माणसं कापून निराळ्याच देखाव्यांवर जोडलेली आहेत. ज्यांचे फोटो काढले त्यांना त्यात काही म्हणायला जागा नव्हती. पेनच्या कामकऱ्यांच्या मालिकेतही बहुतेक माणसं नावाने ओळखली जात नाहीत. फोटोखाली धंद्याचं आणि शहराचं नाव असतं. इथे मी पेनच्या मागे जात नाही.

नाव का हवं, याचा जुना दाखला आमच्याच जुन्नर तालुक्यात आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुटुंबाच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव : सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी. मूर्ती फुटल्या, पायांच्या खुणांपलीकडे फारसं उरलं नाही. नावं मात्र दोन हजार वर्षांनी वाचता येतात, म्हणून तिथे कोण उभं होतं ते आज आपल्याला सांगता येतं. माझ्या प्रिंटखाली माणसाचं नाव आणि गाव असतं, ते त्याला विचारून लिहिलेलं. धंदा त्यानंतर, आणि तोही त्याला हवा असेल तर.

दुसरी गोष्ट वर सांगितलेल्या कायद्याची. जॉन्सनचा माणूस गिऱ्हाईक नव्हता. कुस्कोतल्या माणसाला तर पेननेच पैसे दिले होते, त्यामुळे फोटो त्या माणसाचा झाला नाही. नारायणगावात पैसे माणूस देतो. फोटो त्याचा, प्रिंट त्याच्या घरी जाते, पसंत नसेल तर तो समोरच सांगतो आणि मला पुन्हा काढावा लागतो. भिंतीवर लावायचा की नाही, हेही तोच ठरवतो. नमुना होण्यापासून माणसाला वाचवणारी गोष्ट ही आहे, पडद्याचा रंग नव्हे.

तमाशा कलावंतांचं विचाराल तर, चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात तेव्हा हे कलावंत आमच्या गावात असतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव आहे. या कलावंतांना मंचावरच्या उजेडाची आमच्यापेक्षा चांगली जाण असते. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या मुक्कामांत जाऊन केलेलं काम, त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक मी पेनइतकंच पाहतो. त्यात राहुटी, ट्रक, कनात सगळं आहे. ते काम भंडाऱ्यांनी केलं आहे. त्याच कलावंताला मेकअप उतरवल्यावर, मागे काहीही नसताना, शांतपणे उभं राहावंसं वाटलं तर ती जागाही तालुक्यात कुठेतरी असली पाहिजे. दोन्ही पाहिजे.

शेवटचा आक्षेप धंद्याचा आणि तो आमच्याच लोकांचा : गिऱ्हाईकाला हे नको असतं. गिऱ्हाईकाला फ्लेक्ससाठी हात जोडलेला हसरा फोटो हवा असतो, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यायला पासपोर्ट फोटो हवा असतो, लग्नाला करिझ्मा अल्बम हवा असतो. हवा असतोच, आणि तो मीही देतो. पण आमच्या धंद्यात एक काम असंही येतं ज्याबद्दल कुणी बोलत नाही. घरातलं माणूस जातं आणि दशक्रियेच्या फोटोसाठी मुलगा मोबाईल घेऊन येतो. त्यात आईचा एकटीचा फोटोच नसतो. कुणाच्या तरी साखरपुड्याच्या ग्रुपमधून चेहरा कापायचा, नाहीतर आधार कार्डावरचा तो छोटा डागाळलेला चेहरा मोठा करायचा आणि मागे निळा रंग भरायचा. साठ-सत्तर वर्षं राबलेल्या बाईचा घराच्या भिंतीवर राहणारा एकमेव फोटो असा असतो. मंचरपासून ओतूरपर्यंत कुठल्याही स्टुडिओवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. ती बाई जिवंत असताना पासपोर्ट काढायला स्टुडिओत आली होती. तेव्हा तिला पाच मिनिटं जास्त थांबवून, चांगल्या उजेडात, आदराने एक फोटो काढायला आमच्याकडे रीतच नव्हती. पेनकडून मी जर काही घेतलं असेल तर ती रीत : खाटकाला आणि कोळसेवाल्याला तोच उजेड, तोच वेळ आणि तेवढंच लक्ष द्यायचं जे मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या माणसाला देतो. ही नक्कल असेल तर तिची मला लाज नाही.

मी कशाच्या विरुद्ध आहे तेही स्पष्ट करतो. दुसऱ्याची गाजलेली फ्रेम जशीच्या तशी उभी करून ती स्वतःची म्हणून स्पर्धेला पाठवणं मला अमान्य आहे. प्रीसेट विकत घेऊन ‘माझी शैली’ म्हणणं अमान्य आहे. संगणकाला एखाद्या फोटोग्राफरचं नाव सांगून त्याच्या धाटणीचं चित्र करवून घेणं तर छायाचित्रणच नव्हे, कारण तिथे समोर माणूस नसतो आणि उजेडही नसतो. या सगळ्यांत आणि ज्याला मानतो त्याच्या पद्धतीने वर्षभर खपून काम करण्यात जो फरक आहे तो परीक्षकांना दिसत नसेल, तर त्यांनी परीक्षण करू नये.

आणि मंचर, घोडेगाव, ओतूर, जुन्नर, आळेफाट्याच्या माझ्या तरुण स्टुडिओवाल्या मित्रांना एवढंच सांगतो. लग्नसराई संपली की मोकळे दिवस असतात. एक फोटोग्राफर निवडा, पेन, चांबी, राजाध्यक्ष, कुणीही. त्याचं नाव स्टुडिओच्या भिंतीवर उघड लिहा आणि पासपोर्टला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक फोटो त्याच्या उजेडात काढून त्याला द्या, खाली त्याच्या नावासकट. कुणी नक्कल म्हटलं तर त्याला हा लेख दाखवा.